पंचाला ऐकू आलं पाहिजे

  खेळातून येणाऱ्या जीवनकौशल्यांवरचा माझा आधीचा लेख वाचून एका पालकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवणं काही जमेना. त्यांची मुलगी जवळच्या मैदानावर कबड्डीला जाते. तिच्या खेळाबद्दल तक्रार नाही. 'पण आताशा ती घरातही आवाज चढवून बोलते. तुमच्या त्या जीवनकौशल्यांत हे बसतं का?'

बसतं. कसं, ते सांगायचं तर दमापासून सुरुवात करायला हवी, आणि दम हा माझा जुना आवडीचा विषय. बाकीच्या खेळांत पंचाला डोळे लागतात, कबड्डीत कानही लागतात. शिट्टी घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून म्हणतो.

नियम असा की चढाईला निघालेलीनं समोरच्या अंगणात पाय टाकण्याआधी 'कबड्डी, कबड्डी' सुरू करायचं. एका श्वासात, न तुटता, आणि पंचाला स्वच्छ ऐकू येईल असं. हाच दम. उशिरा सुरू केलं तर पंच तिला माघारी पाठवतो आणि गुण समोरच्या संघाला जातो. त्यांच्या अंगणात दम तुटला तर ती बाद. आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे, तरी दमाची अट सुटलेली नाही. पोरीची चपळाई कितीही असो, ती ऐकू आली नाही तर चढाई फुकट.

वस्तीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा नवा संघ बघा. पाय चालतात, कारण लंगडी आणि खो-खो खेळून झालेलं असतं. पकडीला पहिले दोन दिवस लाजतात, मग एकदा कुणी जोरात आपटली की सगळ्या हसतात आणि लाज संपते. आवाजाचं तसं नाही. ओठ हलताना दिसतात, कानावर काही येत नाही. 'हळू बोल', 'लोक ऐकतील', 'बाहेरपर्यंत आवाज जातोय' हे ऐकतच ती वाढलेली असते. मैदानाच्या कुंपणाला टेकून चार टगे उभे असले की उरलासुरला आवाजही जातो.

त्यावर मी वापरतो ती रीत साधी आहे. आधी सगळ्यांनी गोल करून एकदम दम घालायचा, म्हणजे कुणाचा आवाज कुठला ते कळत नाही. मग दोघी-दोघी. मग एकटीनं. महिलांच्या कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब. शिकवणाऱ्या ताईनं एका टोकाला पाठ करून उभं राहायचं, मुलीनं दुसऱ्या टोकाकडून दम घालायचा. ऐकू आलं की ताई हात वर करते. हात वर गेला नाही तर कुणी रागवायचं नाही, पुन्हा सांगायचं. पाठ केलेली असते म्हणूनच हे साधतं. मुलीकडे कुणी बघत नसतं, नुसतं ऐकत असतं.

नियमावलीत आणखी एक कलम आहे, ते मी प्रत्येक नव्या संघाला मोठ्यानं वाचून दाखवतो. दम तोडण्यासाठी चढाई करणारीचं तोंड दाबणं किंवा गळा आवळणं हा गुन्हा आहे. तसं केलं तर ती बाद धरली जात नाही, उलट पंच तिच्या संघाला गुण देऊ शकतो. ज्यानं कुणी हे कलम लिहिलं त्यानं दुखापतीचा विचार केला असणार. पण तुझं तोंड कुणी दाबलं तर चूक त्याची, हे छापील नियमात लिहिलेलं मुली पहिल्यांदा ऐकतात, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुजही थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेनं नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली. आत्मभान, समानुभूती, निर्णय घेणं, संवाद, ताण हाताळणं वगैरे. यादी बरोबर आहे, पण भिंतीवर तक्ता लावून यातलं एकही येत नाही. आणि माझ्यासारख्या खेळवेड्यांना न आवडणारी गोष्ट म्हणजे, नुसत्या कबड्डीनंही येत नाही. नुसत्या कबड्डीनं फार तर कबड्डी येते. सरावानंतर घाम पुसत गोल करून बसायचं आणि 'या आठवड्यात कुठे ओरडायला हवं होतं आणि ओरडला नाहीत?' असं कुणीतरी विचारायचं, तिथे खरा धडा सुरू होतो. बसमधला धक्का, शाळा सोडायची घरातली भाषा, हे तिथेच बाहेर येतं.

ते विचारणारी कोण, यावर निम्मं यश ठरतं. गोवंडीच्या शिवाजीनगरात, देवनारच्या कचराडेपोच्या शेजारी, 'परिवर्तन' नावाचा उपक्रम झाला. आधी तो मुंबईत मुलग्यांसाठी क्रिकेटच्या प्रशिक्षकांमार्फत चालला होता. मुलींसाठी कबड्डी निवडली आणि प्रशिक्षक म्हणून त्याच वस्तीतल्या अठरा ते चोवीस वयाच्या तरुणी घेतल्या. म्हणजे बारा ते सोळाच्या मुलींना मैदानावर आणायचं काम ज्यांच्याकडे, त्यांनाच घराबाहेर पडायला परवानगी लागे! 2018 साली या ताईंवरच एक शोधनिबंध निघाला. वस्तीतल्या फिरण्याबोलण्याच्या बंधनांशी त्यांनी स्वतः कसा झगडा केला, हा त्याचा विषय. मला तर मुलींपेक्षा या ताईंचीच गोष्ट मोठी वाटते. बाहेरून आलेला पदवीधर प्रशिक्षक 'घरी सांगून बघ' एवढंच म्हणू शकतो. काल स्वतःच्या घरी भांडून आलेली ताई काय बोलायचं आणि काय गिळायचं, तेही सांगते.

प्रशिक्षकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 2010 आणि 2014 च्या आशियाई स्पर्धांत आपल्या महिला संघाला सुवर्ण मिळालं आणि 2018 ला जाकार्तात इराणनं आपल्याला 27-24 असं हरवलं. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मुलींशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. त्या पराभवाचं दुःख मलाही झालं, पण अर्धंच.

आता पत्राचं उत्तर. चांगली चढाई करणारी किंचाळत नाही. पहिल्या पाच सेकंदांत सगळा श्वास ओतला तर समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांडून परत येताना छाती रिकामी होते. दम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका पट्टीत ठेवावा लागतो, कानाला स्पष्ट आणि खर्चाला बेताचा. तुमची मुलगी सध्या नवशिकी आहे, सगळा श्वास एकदम ओततेय. पट्टी यायला वेळ लागतो. त्याआधी तिला गप्प केलंत तर ती मैदानावर पुन्हा नुसते ओठ हलवेल आणि घरी काही सांगायचं असेल तेव्हाही गप्प राहील. ती काय म्हणतेय ते आधी ऐकून घ्या. आवाजाचं नंतर तिच्या ताईशी बोला, तिच्यासमोर.

 ज्या शिक्षिका किंवा मंडळं मुलींचे संघ चालवतात त्यांनी जरूर लिहावं, पण पहिल्या दोन महिन्यांत किती मुली यायच्या बंद झाल्या आणि का, तेही लिहावं. कौतुकाची पत्रं पुष्कळ साठली आहेत.