धूर हटला, खर्रा उरला

एसटीत शेजारच्याने बिडी पेटवली की तोंड फिरवून बसावे, एवढाच उपाय एकेकाळी प्रवाशाच्या हाती होता. ‘धूम्रपान मनाई’च्या पाटीखालीच धूर निघायचा. आज ते दृश्य क्वचितच दिसते. माणसे एकाएकी शहाणी झाली काय?

तसे नव्हे. मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. २००३ साली कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कचेऱ्या, उपाहारगृहांनाही कडक नियम लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंतच. पण शेजाऱ्याला ‘विझवा’ म्हणण्याचा हक्क मिळाला. शहरांना ही गोष्ट मानवली.

मात्र २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जेमतेम ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के! भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावी हा आकडा पानठेल्यावर भेटतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला की खर्रा तयार. धूर नाही, म्हणून शेजाऱ्याची तक्रार नाही. तोंडाचा कर्करोग मात्र धुराची वाट पाहत नाही. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण गुटखा कारखान्यात होतो, खर्रा ठेल्यावर. कारखान्याला कुलूप लावता येते, घोटणाऱ्या हाताला कसे लावणार?

ते काम गावालाच करावे लागते. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने दारूबरोबर तंबाखूही गावाच्या बैठकीत आणला. कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. हे अंतर मोजायला दिल्लीहून कोणी येणार नाही. ग्रामपंचायतीने एक टेप घेऊन शाळेच्या फाटकापासून निघावे. गुरुजींनी आपली डबी घरी ठेवावी.

एक अवघड प्रश्न उरतोच. या जिल्ह्यात बिडीचा धंदा जुना. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून आणि घरी बिड्या वळून कित्येक बायांनी चूल पेटती ठेवली. बिडी कमी व्हावी असे म्हणणाऱ्याने त्या हातांना दुसरे काम कोणते, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आपण पोराचे फुप्फुस वाचवू आणि त्याच्या आईचा रोज बुडवू. दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडले, तरच ही मोहीम गावाला आपली वाटेल.