सावली परिसरातील एक दिवसाची सहल

मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावली हे तालुक्याचे गाव लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील या तालुक्याला लागून वैनगंगा वाहते आणि तिच्या पैलतीरावर गडचिरोली जिल्हा सुरू होतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत हे दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात होते. धानाच्या बांध्या, तलाव, साग व मोहाचे जंगल आणि विस्तीर्ण नदी असा हा प्रदेश आहे. तो पाहण्यासाठी बाहेरून येणाऱ्यांची पावले बहुधा ताडोब्यापर्यंत येऊन थांबतात. आणि येथील शाळांच्या सहली मात्र दोनशे-तीनशे किलोमीटर दूर जातात.

दूरची सहल वाईट असते असे नाही. परंतु पन्नास-साठ मुलांची एक किंवा दोन वाहने भरायची, रात्रभर प्रवास करायचा, चार ठिकाणी प्रत्येकी अर्धा तास उतरायचे आणि उरलेला वेळ हजेरी घेण्यात घालवायचा, या पद्धतीतून मुलांच्या पदरी काय पडते, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. प्रस्तुत लेखकाने अशा एका सहलीत शिक्षक म्हणून दोन दिवस काढले आहेत. परत आल्यावर मुलांना निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा अर्ध्याअधिक मुलांनी बसगाडीचे आणि जेवणाचे वर्णन केले. पाहिलेल्या स्थळांविषयी दोन-तीन ओळींपलीकडे कोणाला लिहिता आले नाही. दोष मुलांचा नव्हता. मागच्या रांगेतील मुलांना माहिती सांगणाऱ्याचा आवाजच ऐकू गेला नव्हता.

बारा ते पंधरा जणांच्या लहान गटाने, सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल अशी एक सहल सावलीहून सहज काढता येते. तिचे सूत्र एकच आहे : पाणी. गावच्या बोडीपासून आरंभ करून मोठ्या तलावाकडे, तेथून कालव्याकडे आणि शेवटी नदीकाठच्या मार्कंडा येथील मंदिरांकडे जावयाचे.

बोडीपासून तलावाकडे

निघण्यापूर्वी सावलीतच अर्धा तास थांबावे. १९३६ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावी भरले होते आणि त्यासाठी महात्मा गांधी येथे येऊन राहिले होते. खादी उत्पादनाचे केंद्र म्हणून सावलीचे नाव त्या काळी देशभरच्या कार्यकर्त्यांना परिचित होते. आपल्या गावात असे काही घडले, हे तालुक्यातील किती मुलांना ठाऊक असते?

त्यानंतर गावाबाहेरची कोणतीही एक बोडी पाहावी. बोडी म्हणजे शेतकऱ्याने धानासाठी बांधलेले लहानसे तळे. या भागात वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मग तळ्याची गरज काय, असा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. हा सारा पाऊस जेमतेम चार महिन्यांत पडतो आणि धानाला पाणी हवे असते ते केवळ रोवणीच्या वेळी नव्हे, तर लोंबी भरण्याच्या वेळीही. सप्टेंबरच्या अखेरीस पावसाने पंधरा दिवस पाठ फिरविली, तर बांधीत उभे असलेले पीक हातचे जाते. त्या पंधरा दिवसांसाठी बोडी बांधलेली असते. पूर्व विदर्भातील हजारो तलावांचे मूळ याच गरजेत आहे. चांद्याच्या गोंड राजांपैकी हिरशहाने, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यावी, असा शिरस्ता घातला अशी परंपरा आहे. भंडारा व चांदा भागात हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. दोन उंचवट्यांमधील खोलगट जागा हेरायची, मातीची पाळ घालून ती अडवायची आणि जादा पाणी पाळीवरून न जाता बाजूच्या सांडव्याने निघून जाईल अशी तजवीज करायची, एवढीच ही विद्या. पण पाळ कोठे घालावी हे ठरविणारी नजर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून येते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव शासनाच्या मालकीचे झाले. आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत ‘मामा तलाव’ म्हणतात. मालकी बदलली तेव्हा देखभालीची जुनी व्यवस्थाही विस्कळीत झाली. उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीवरील झुडपे तोडणे, पाण्याची पाळी ठरविणे ही कामे पूर्वी गाव मिळून होत असत. ती कामे केलेली वृद्ध माणसे आता थोडीच उरली आहेत. सहलीच्या दिवशी अशा एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला पाळीवर बसवून मुलांशी बोलते करावे. हे साठ मुलांपुढे होऊ शकत नाही. पंधरा मुले असली, की म्हाताराही मोकळेपणाने बोलतो आणि मुलेही विचारतात.

आसोलामेंढा

तालुक्याच्या उत्तर भागात, पाथरी गावाजवळ आसोलामेंढा तलाव आहे. हा मालगुजारी तलाव नव्हे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रिटिश अमदानीतील मध्य प्रांत सरकारने तो बांधला. तत्त्व मात्र बोडीचेच. टेकड्यांच्या मधली वाट पाळीने अडविलेली, एका बाजूला सांडवा आणि खाली नहरांचे जाळे. सकाळी बोडी पाहून आलेल्या मुलाला हा विस्तीर्ण जलाशय पाहताच त्याचे अवयव ओळखता येतात, हा या क्रमाचा मोठा लाभ आहे.

आता या तलावाची कथा आणखी लांबली आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती आणि पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या धरणाचा सुमारे ९९ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा येऊन मिळतो तो आसोलामेंढ्यालाच. म्हणून जुन्या तलावाची साठवणक्षमता वाढविण्याचे आणि त्याच्या नहरांच्या नूतनीकरणाचे काम त्या प्रकल्पातच समाविष्ट करण्यात आले. ज्या तलावात पूर्वी केवळ भोवतालच्या टेकड्यांवरील पाणी उतरत असे, त्यात आता शंभर किलोमीटरवरून नदीचे पाणी आणले जाते. पायाभरणीपासून हे पाणी बांधीपर्यंत पोहोचण्यात किती वर्षे गेली, कोणत्या गावांना ते मिळाले आणि कोणती गावे टोकाला कोरडी राहिली, हे तलावाच्या खालच्या बाजूच्या शेतकऱ्यांकडून ऐकावे. शिक्षकांनी येथे मतप्रदर्शन करू नये. मुलांनी विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे.

पावसाळ्यात तलाव भरला, की सांडव्यावरून पाणी कोसळू लागते आणि ते दृश्य पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी गर्दी लोटते. शाळेची सहल या दिवसांत नेऊ नये, असे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ओल्या दगडावरून पाय घसरावयास क्षणही लागत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले, ही घटना प्रत्येक शिक्षकाच्या स्मरणात असली पाहिजे. या सहलीस योग्य काळ नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा पाणी भरपूर असते, सांडवा शांत असतो आणि धानाची कापणी-मळणी चालू असल्यामुळे शेतावर माणसे भेटतात.

जंगलाविषयी

या मार्गावर ठिकठिकाणी जंगल लागते. बाहेरच्या पाहुण्याला ते रम्य वाटते, आणि ते आहेही. परंतु या परिसरात वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. मोहफुले वेचावयास अथवा तेंदूपाने तोडावयास गेलेली, सरपणासाठी किंवा गुरांमागे गेलेली माणसे त्यांत सापडली आहेत. सहलीतील एखाद्या मुलाच्या घरीच असा प्रसंग घडलेला असू शकतो. ‘निसर्गरम्य वनश्री’ अशी भाषा वापरण्यापूर्वी शिक्षकांनी याचा विचार करावा. त्या मुलाच्या दृष्टीने जंगल हे घरच्या मिळकतीचे साधन आहे आणि भीतीचे कारणही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की निघण्यापूर्वी सावलीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे मार्ग कळवावा, त्या आठवड्यात कोठे वाघाचा वावर आढळला आहे याची चौकशी करावी, पाळ व रस्ता सोडून झाडीत कोणालाही जाऊ देऊ नये आणि अंधार पडण्यापूर्वी गावी परतावे. पंधरा मुलांमागे दोन शिक्षक असले, तर हे नियम पाळता येतात. साठांमागे तीन असले, तर ते कागदावरच राहतात.

नदीपलीकडे मार्कंडा

नकाशावर पाहिले तर मार्कंडा सावलीपासून फारसे दूर नाही. परंतु मध्ये वैनगंगा आहे आणि वाहनाला पुलाचा वळसा घ्यावा लागतो. मार्कंडा देव हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात नदीच्या डाव्या तीरावर आहे. एरवी दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून या स्थानाला पावित्र्य लाभले. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत श्रद्धेने जाणे वेगळे. अभ्यासासाठी जावयाचे तर यात्रा टाळावी.

एका आवारात लहानमोठ्या मंदिरांचा हा समूह आहे. नागर शैलीची ही मंदिरे साधारणतः दहाव्या ते बाराव्या शतकांतील मानली जातात. मुख्य मंदिर मार्कंडेय ऋषींच्या नावाचे. यमाच्या पाशातून शिवाने सोडविलेल्या त्या बालकाची कथा येथील प्रत्येक मुलाला पाठ असते आणि आवारात यमधर्माचेही मंदिर आहे. १८७० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या समूहाची पाहणी करून सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मूर्तिकामाच्या विपुलतेमुळे या स्थळाची तुलना खजुराहोशी केली जाते. ही तुलना लेखकाला फारशी रुचत नाही. मार्कंड्याच्या शिल्पांना स्वतःचे नाव पुरेसे आहे.

वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचा भाग कोसळल्याचा उल्लेख जुन्या वृत्तान्तांत आढळतो. गेल्या दशकात पुरातत्त्व खात्याने या मंदिराच्या जतनाचे काम हाती घेतले, आणि मध्यंतरी ते दीर्घकाळ रखडले. भाविकांना याची खंत वाटली, ते स्वाभाविक आहे. परंतु शिक्षकांना यातूनही शिकविता येईल. अशा कामात उतरविलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा लागतो, कारण चुन्यावाचून एकमेकांवर रचलेल्या दगडांपैकी एकाचेही स्थान चुकले तर वरचा भार ढळतो. शिखर उंच असताना जे दिसत नाही, ते दगड जमिनीवर असताना दिसते. मुलांना एकच मूर्ती निवडून तिच्यापुढे वीस मिनिटे बसून रेखाटन करावयास लावावे. मूर्तींना हात लावू नये, हे सांगण्याची मग गरज उरत नाही.

येथे नदीपात्र रुंद आहे आणि हिवाळ्यात वाळूवर उतरता येते. तथापि वरच्या बाजूस धरणे व बंधारे आहेत. पाणी केव्हा सोडले जाईल हे काठावरून कळत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काय केले, ते काठच्या लोकांना आठवते. स्नान व पोहणे पूर्णपणे वर्ज्य करावे.

लहान गटांची परंपरा

लहान गट घेऊन हिंडणाऱ्या शिक्षकांची परंपरा जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे रोडोल्फ टप्फर नावाचे शिक्षक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या वसतिशाळेतील मुलांना घेऊन आल्प्स पर्वतातील गावागावांतून पायी हिंडत. त्या भटकंतीची त्यांनी लिहिलेली, स्वतःच्या चित्रांनी सजविलेली वर्णने १८४४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच आल्प्समधील आजचा अनुभव उलट दिशेचा आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट हे सरोवराकाठचे गाव. वस्ती आठशेच्या आत. एक दिवसासाठी येणाऱ्या प्रवाशांची संख्या गर्दीच्या काळात दिवसाला दहा हजारांपर्यंत जाऊ लागली, तेव्हा २०२० साली प्रवासी बसगाड्यांनी येण्याची वेळ आगाऊ राखून घ्यावी, असा नियम तेथे करावा लागला. तरीही २०२३ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले.

आसोलामेंढ्याची गर्दी त्या मानाने काहीच नव्हे. पण पावसाळी रविवारी वाहने कोठे उभी करावी, कचरा कोणी उचलावा आणि सांडव्याजवळ कोणास जाऊ द्यावे, हे प्रश्न येथेही उभे आहेत. आणि गर्दी आटोक्यात असताना ते सोडविणे सोपे असते. परिसरातील ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत हा विषय घेऊन वाहनतळाची जागा ठरवावी, पाटबंधारे विभागाच्या संमतीने सांडव्यापाशी दोर व सूचनाफलक लावावेत, आणि तलावाची माहिती सांगू शकतील अशा दोन-चार स्थानिक तरुणांची नावे पंचायत समितीकडे द्यावीत. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना या कामात अग्रक्रम मिळावा. पाण्याची खोली त्यांच्याइतकी कोणास ठाऊक आहे?

शाळांनी मुख्याध्यापकांमार्फत रीतसर परवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी. वर्ग मोठा असेल तर त्याचे तीन-चार गट करून निरनिराळ्या शनिवारी न्यावे. दोन जीपगाड्यांचे भाडे आणि घरून आणलेली शिदोरी यांपलीकडे या सहलीस खर्च नाही. सकाळी आठ वाजता बोडीवर, साडेनऊपर्यंत आसोलामेंढ्यावर, दुपारी एकच्या सुमारास पूल ओलांडून मार्कंड्यास आणि चार वाजता परत, असा क्रम ठेवला तर हिवाळ्यातही दिवस मावळण्यापूर्वी सावली गाठता येते.