पार्टी पयल्यासारखी वाजत नाय

अलिबागजवळच्या कोणत्याही कोळीवाड्यात हळदीला जा, रात्री नऊनंतर कोणीतरी म्हणतंच, "पार्टी पयल्यासारखी वाजत नाय." पार्टी म्हणजे बेंजो-ताशावाल्यांचं पथक. खापर वाजवणाऱ्या पोरांच्या हातावर फुटतं. मला ते पटत नव्हतं, म्हणून गेल्या मे महिन्यात एका हळदीत बेंजोवाल्याच्या शेजारीच उभा राहिलो.

१९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' हे वाद्य काढलं. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला आणि पिकअप बसवून मिरवणुकीतला बेंजो. लाकडी पेटीवर तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की त्याची पट्टी तार दाबते. हळदीला गाणी ठरलेली, त्यामुळे बोटं फिरून फिरून त्याच बटणांवर. तिथे तारेला बारीक खाचा पडल्या होत्या, नखाला लागत होत्या. त्यात खारी हवा. गंजलेली तार सगळीकडे सारखी जाड राहत नाही. मग मोकळी तार सुरात लावली तरी वरचे स्वर फसतात.

पण तार बदलता येते. कानाचं काय? शंभर डेसिबलच्या आवाजात कान पंधरा मिनिटंच सुरक्षित राहतो, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या निकषांत धरलं आहे. इथे ताशा आणि कच्छी ढोल हातभर अंतरावर, स्पीकर टेम्पोवर आणि त्यांची तोंडं लोकांकडे. वाजवणाऱ्याला स्वतःचाच सूर ऐकू येत नाही. बीटल्सचंही हेच झालं होतं. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत आपलं वादन ऐकू येईना, आणि १९६६च्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरेच थांबवले. आमच्या पोरांना सुपारी सोडून कसं चालेल? ती आवाज वाढवतात, कान आणखी बधिर होतो, पुढच्या सीझनला आवाज आणखी वर.

ठेक्याचंही तसंच. नाचणारे "फास्ट, फास्ट" ओरडतात, ताशा चढतो, बेंजोची बोटं मागे राहतात. शिवाय दरवर्षी एखादा जुना गडी बोटीवर किंवा बंदरात नोकरीला लागतो आणि नवा येतो. त्याला गाणी पाठ असतात, पण जुना कुठे थांबायचा ते त्याला माहीत नसतं. माझ्या मते ते थांबणंच खरी पार्टी.

दोन गाण्यांच्या मध्ये बेंजोवाला टेम्पोच्या मागे गेला. तिथेही स्पीकरचा धडधडाट होताच. त्याने पेटी उचलली, हनुवटी लाकडावर टेकवली, डोळे मिटले आणि एकेक तार छेडत खुंटी पिळू लागला. कानात शिरत नसलेला सूर तो हाडातून ऐकत होता.