कलासंस्थांच्या कार्यकारी मंडळांचे शिक्षण : भाषेच्या अंगाने काही विचार

वकील, डॉक्टर, हिशेबतपासनीस, कारखानदार अशा व्यावसायिकांना कलासंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर घेण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनीच आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे आधारस्तंभ डॉ. अ. ना. भालेराव हे व्यवसायाने डॉक्टर होते. मराठी रंगभूमीच्या पडत्या काळात संघाच्या नाट्योत्सवांनी तिला जो आधार दिला, त्यामागे त्यांचे संघटनकौशल्य उभे होते. परंतु अशी माणसे स्वतःच्या आवडीने आणि अनुभवाने घडत गेली. सर्वसाधारण व्यावसायिकास आपल्या विषयाचे शिक्षण मिळालेले असते. मंडळावर बसण्याचे शिक्षण मात्र त्यास कोणी दिलेले नसते. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये १९७० नंतर या शिक्षणाची पद्धतशीर सोय होऊ लागली. आपल्याकडे ते कोणत्या स्वरूपाचे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात भिवंडी हे नगर डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

प्रथम ‘विश्वस्त’ या शब्दाचा अर्थ पाहू. ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे तो विश्वस्त. म्हणजे या पदाच्या नावातच दुसऱ्या कोणाचे तरी अस्तित्व गृहीत धरलेले आहे. भिवंडीच्या यंत्रमागधारकास ही कल्पना परकी वाटू नये. मजुरीवर कापड विणून देणाऱ्याच्या मागावरचे सूत व्यापाऱ्याचे असते. माग त्याचा, कसब त्याचे, पण सुताचा हिशेब त्याने द्यावयाचा असतो. कलासंस्थेचे सभागृह, ग्रंथ, वाद्ये, ध्वनिमुद्रणे व देणग्या यांच्याशी विश्वस्ताचे नाते नेमके असेच होय. तथापि आपल्या कारखान्यात एकट्याने निर्णय घेण्याची सवय झालेला गृहस्थ मंडळावर येताच संस्थेविषयी मालकाच्या भाषेत बोलू लागतो. वकील प्रत्येक प्रश्नात एक पक्ष धरतो. डॉक्टरास चर्चेपेक्षा निदान अधिक जवळचे वाटते. हे दोष स्वभावाचे नसून व्यवसायाने लावलेल्या वळणाचे आहेत, आणि म्हणूनच ते शिक्षणाने दूर होऊ शकतात.

या शिक्षणाचा पहिला भाग कायद्याचा. १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्यातील मोजक्या तरतुदी प्रत्येक सभासदास ठाऊक असल्या पाहिजेत. विश्वस्तांत बदल झाल्यास कलम २२ अन्वये नव्वद दिवसांत बदल-अर्ज दाखल करावा लागतो. स्थावर मिळकत विकावयाची, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची, तर कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक असते. शहरांतील जागांचे मोल वाढत असताना जुन्या संस्थेच्या हातून तिची वास्तू जाण्यास दरवेळी लबाडीच कारण व्हावी लागते असे नाही. कलमाचे अज्ञानही पुरेसे ठरते. हिशेबाच्या बाबतीत एक भेद मनावर ठसविला म्हणजे पुष्कळ साधते : विशिष्ट कार्यासाठी मिळालेला निधी आणि सर्वसाधारण निधी हे निराळे होत. संगीतसभेसाठी आलेल्या देणगीतून छप्पराची दुरुस्ती करणे सोयीचे असेल, पण ते विश्वासास धरून नाही.

दुसरा भाग इतिवृत्ताचा. भाषेच्या अभ्यासकास तो विशेष महत्त्वाचा वाटतो. आपल्या संस्थांची इतिवृत्ते बहुधा ‘असे ठरले’, ‘विषय पुढे ढकलण्यात आला’, ‘खर्चास मान्यता देण्यात आली’ अशा वाक्यांनी भरलेली असतात. मराठीतील ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्त्यास वाक्याबाहेर ठेवते. कार्यालयीन लेखनात तिची सोय आहे हे खरे, परंतु जेथे उत्तरदायित्व ठरवावयाचे असते तेथे तिच्यामुळे निर्णय कोणी सुचविला, विरोध कोणी नोंदविला, आणि ज्याच्या दुकानातून ध्वनिक्षेपक घ्यावयाचे होते तो सभासद मतदानाच्या वेळी बाहेर गेला होता की नाही, हे सारेच लोपते. पाच वर्षांनी वाद उपस्थित झाला म्हणजे वाक्ये हाती राहतात, माणसे सापडत नाहीत. म्हणून प्रशिक्षणात एक साधा अभ्यास असावा : एखाद्या सभेचे इतिवृत्त घेऊन त्यातील प्रत्येक कर्तृहीन वाक्यास कर्ता, सूचक, अनुमोदक व मुदत जोडून ते पुन्हा लिहावे. ज्या वाक्यास कर्ता सापडत नाही तेथे बहुधा निर्णयच झालेला नसतो, हे शिकणाऱ्याच्या आपोआप ध्यानात येते.

तिसरा भाग मंडळाच्या घडणीचा. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, हिंदी व गुजराती बोलणारे लोक राहतात. मुशायऱ्याचा रसिक आणि नाट्यप्रयोगाचा रसिक एकाच बाजारपेठेत वावरत असतात. १९७० व १९८४ च्या दंगलींनी या नगरीस खोल जखमा केल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी निरनिराळ्या समाजांतील सामान्य रहिवाशांच्या मोहल्ला समित्या स्थापन केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांचा विषय कला नव्हता. तरीही समितीवर कोण बसतो यावरून ती काय करू शकेल हे ठरते, हा धडा या गावाने स्वतःच्या अनुभवातून घेतला आहे. ज्या मंडळाची विषयपत्रिका केवळ एकाच भाषेत निघते, त्याने इतरांना आमंत्रण दिले तरी सभासदत्व दिले असे म्हणता येणार नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कोणता राग गावा, कोणते नाटक बसवावे, हे ठरविणे मंडळाचे काम नव्हे. कलावंतास वेळेवर मानधन, सुरक्षित रंगमंच व स्वातंत्र्य मिळते की नाही, हे पाहणे मात्र निश्चितपणे त्याचे काम आहे.

या शिक्षणासाठी स्वतंत्र पदवीची आवश्यकता नाही. नव्या सभासदाने वर्षभर मताधिकाराविना निरीक्षक म्हणून बसावे, संस्थेची घटना व मागील काही वर्षांची इतिवृत्ते वाचावीत, आणि एका वार्षिक ताळेबंदाचा अर्थ सभेस समजावून द्यावा, एवढा अभ्यासक्रम आरंभास पुरेसा आहे. भाषाविभागांनी त्यातील इतिवृत्तलेखनाचा व बहुभाषिक सभासंचालनाचा भाग उचलावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस संस्थांची दप्तरे ही अभ्यासाची अस्सल सामग्री मिळेल, आणि संस्थांना आपली दप्तरे वाचणारा कोणी मिळेल. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. एवढे आयुष्य संस्थेस लाभावयाचे, तर प्रत्येक पिढीतील कोणीतरी दुसऱ्याचे सूत आपल्या मागावर नीट सांभाळावे लागते.