ग्वाल्हेर पायी चढावं, लष्कर पायी फिरावं

मुंबईहून सुटणारी पंजाब मेल आणि पुण्याहून सुटणारी झेलम एक्स्प्रेस, दोन्ही गाड्या ग्वाल्हेरला थांबतात. मराठी पर्यटक मात्र तिथे क्वचितच उतरतो. किल्ले आणि राजवाडे म्हटलं की जयपूर, जोधपूर, उदयपूर हे आपलं ठरलेलं. ग्वाल्हेरला कोणी गेलंच तर आग्र्याहून येता-जाता अर्धा दिवस. गाडीने वर, दोन-तीन फोटो, खाली येऊन राजवाडा, की पुढे. या शहरावर हा मोठा अन्याय आहे. डोंगरमाथ्यावर पंधराव्या-सोळाव्या शतकातला इतका देखणा वाडा आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी मराठी सरदारांनी वसवलेलं अख्खं शहर, असं एकत्र दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

गडावर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाडी थेट वर जाते. ईशान्येची ग्वाल्हेर दरवाजाची वाट फक्त पायी चढायची. माझं आग्रहाचं सांगणं, चढताना हीच वाट धरा. उतरताना उरवाईने उतरा. पायथ्यालाच गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमराने आपल्या लाडक्या राणीसाठी, मृगनयनीसाठी तो बांधला. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका इथेच आहे. जेमतेम हातभर उंचीच्या या मूर्तीवर सुरक्षेसाठी कडीकुलूप असतं, पण विचारल्याशिवाय परत फिरू नका. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची घडी बसवणारे मो. ब. गर्दे हे मराठी गृहस्थ होते, हेही इथे आठवावं.

मग चढ सुरू होतो. एकामागून एक दरवाजे लागतात, आणि वाटेत कातळात कोरलेलं एक लहानसं चतुर्भुज मंदिर. बहुतेक लोक धापा टाकत त्याच्यासमोरून निघून जातात. आत शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. गडाचा अधिकारी अल्ल याने देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, तिची मापं त्यात नोंदली आहेत: २७० हात लांब, १८७ हात रुंद. रोज देवाला ५० माळा द्यायच्या, असंही ठरवून दिलं आहे. या २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे एक छोटंसं वर्तुळ. आकड्यात लिहिलेल्या शून्याच्या जगातल्या अतिशय जुन्या पुराव्यांपैकी हा एक. गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक परदेशातून हे वर्तुळ पाहायला येतात. शाळेच्या सहली इथे यायला हव्यात. पुजाऱ्याच्या हिशेबात, हारांच्या संख्येत बसलेलं शून्य मुलांना दाखवायला याहून चांगली जागा नाही.

माथ्याजवळ हत्ती पोळ येतो आणि मान मंदिराची पूर्वेकडची भिंत डोक्यावर उभी राहते. मानसिंहाने १४८६ ते १५१६ या काळात राज्य केलं, त्याच काळातला हा वाडा. गोल बुरूज, त्यावर घुमट, आणि या सगळ्या पिवळसर दगडावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चिनी मातीच्या फरशांची नक्षी. जवळ जाऊन पाहा. निळ्या पट्ट्यावर पिवळ्या बदकांची रांग चालली आहे, कुठे हत्ती आहेत, कुठे मगरी, कुठे केळीची झाडं. पाचशे वर्षं उन्हापावसात राहून त्या निळ्या रंगाचं तेज अजून उतरलेलं नाही. किल्ल्याच्या दर्शनी भिंतीवर, जिथे शत्रूला तोफा दाखवायच्या, तिथे या राजाने बदकं बसवली. मानसिंह स्वतः संगीताचा जाणकार होता, ध्रुपदाला त्याच्याच दरबारात बळ मिळालं. आतल्या दोन चौकांभोवतीच्या खोल्या लहान आहेत, पण कोरीवकाम पाहताना मान दुखून येते.

या वाड्याखाली जमिनीत दोन मजले आहेत. उन्हाळ्यासाठी केलेली ती थंड दालनं मोगलांनी तुरुंग म्हणून वापरली. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला याच गडावर कैदेत ठेवून १६६१ मध्ये मारलं. दुसरा भाऊ दारा याचा मुलगा सुलेमान शुकोह याचाही शेवट इथेच झाला. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांनाही जहांगीराने इथे डांबलं होतं. सुटताना त्यांनी आपल्यासोबत ५२ राजांना सोडवलं अशी परंपरा आहे, म्हणून गडावरच्या गुरुद्वाऱ्याचं नाव ‘दाता बंदी छोड’.

सहस्रबाहू मंदिर, लोकांच्या तोंडी ‘सास-बहू’, अकराव्या शतकाच्या अखेरचं. तेली का मंदिर त्याहूनही जुनं, सुमारे १०० फूट उंच. दोन्ही पाहाच. पण वेळ राखून ठेवा तो उरवाईच्या उतारासाठी. तिथे कड्यात जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या आहेत, सगळ्यात उंच मूर्ती सुमारे ५७ फूट. पंधराव्या शतकात डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळात हे काम झालं. १५२८ मध्ये बाबर गड पाहायला आला. त्याने आत्मचरित्रात इथल्या वाड्यांचं वर्णन केलं आणि त्याच ओघात या मूर्ती फोडायचा हुकूम दिल्याचंही लिहून ठेवलं. चेहरे फुटले, पुढे कित्येकांची डागडुजी झाली. खांद्यापर्यंत कातळाचा रंग आणि वर वेगळ्याच रंगाचा चेहरा, हे उभं राहून पाहताना पोटात तुटतं.

आता खाली. शिंद्यांचं पहिलं ठाणं उज्जैन. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास गडाच्या दक्षिणेला तळ ठोकला, आणि त्या तळाचंच शहर झालं. म्हणून त्याचं नाव आजही लष्कर. शिंदे की छावणी, कंपू, चिटणीस की गोठ, खासगी बाजार, दौलतगंज, जनकगंज: या मोहल्ल्यांत पाट्या वाचत हिंडलं तरी मराठी राज्याची मांडणी डोळ्यांपुढे उभी राहते. महाराज बाड्यावर सकाळी गरम बेडई आणि जिलेबी खावी आणि पायी निघावं. राजकवी भा. रा. तांबे याच गावी राहिले आणि इथेच १९४१ मध्ये गेले.

जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून घेतला, मायकेल फिलोज या वास्तुविशारदाकडून. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन जायची. पर्यटकांची गर्दी याच दोन गोष्टींभोवती. मला त्याहून मोलाचं वाटतं ते मराठा दालन, आणि राजवाड्याजवळच फुलबागेत असलेली राणी लक्ष्मीबाईंची समाधी. १ जून १८५८ ला राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं. शिंद्यांची फौज त्यांना मिळाली, जयाजीराव आग्र्याला गेले. त्याच महिन्यात राणी इथे लढताना पडल्या. राजवाडा आणि समाधी एकाच दिवशी पाहावी, त्याशिवाय १८५७ चा गुंता नीट कळत नाही. जाण्यापूर्वी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ वाचा. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने निघालेला हा कोकणातला भिक्षुक थेट बंडाच्या धुमाळीत सापडला.

गाणं तर महाराष्ट्राने इथूनच आणलं. हद्दू खाँ, हस्सू खाँ हे शिंद्यांच्या पदरचे गवई. त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे शिकले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालयही याच शहरातलं. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला तो काही उगाच नव्हे. हजीरा भागात महंमद घौस यांच्या मकबऱ्याच्या अप्रतिम जाळ्या पाहाव्यात. बाजूलाच तानसेनाची अगदी साधी कबर आहे. तिच्याशेजारच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, या श्रद्धेने गवई पिढ्यान्पिढ्या तिथे येत आले.

मे-जूनमध्ये जाऊ नका. तिथलं ऊन सोसवत नाही आणि पायी चढणं तर शक्यच नाही. डिसेंबरात जा. तेव्हा तानसेन समारोह असतो, थंडीत गजकही ताजी मिळते. तिकीट काढाल तेव्हा आग्र्याच्या सहलीला जोडून काढू नका, फक्त ग्वाल्हेरचं काढा: एक दिवस गडाला, एक फुलबाग-राजवाड्याला आणि एक पूर्ण दिवस लष्करच्या गल्ल्यांना.