साष्टीकरांची कॉफीवारी

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सगळी ठिकाणं एका बेटावर आहेत, याची आठवण लोकल गाठण्याच्या घाईत कुणाला राहत नाही. पश्चिमेला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना खाड्या आणि मधोमध डोंगर असं हे साष्टी बेट. उष्ण कटिबंधातल्या कितीतरी बेटांवर कॉफीचे मळे आहेत. साष्टीवर नाहीत. अरेबिका कॉफीला साधारण हजार मीटर उंचीवरच्या गार रात्री मानवतात, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला सर्वांत उंच माथा पाचशे मीटरही भरत नाही.

त्यामुळे इथली कॉफी पुडीतून घरात येते. माटुंग्यात, चेंबूरला किंवा मुलुंडला कॉफी दळून देणाऱ्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "चिकोरी किती?" गिऱ्हाईक "ऐंशी-वीस" म्हणतं, गिरणी घरघरते आणि कोमट पुडी हातात पडते. घरी पितळी फिल्टरमधून काळं डिकॉक्शन थेंबाथेंबानं उतरतं. ही कॉफी उत्तमच. पण ती ज्या झाडावर लागली त्या झाडाची माती, सावली आणि पाऊस जिभेला कळायचा, तर मळ्यावर जायला हवं.

बालीतल्या किंतामणीचंच बघा. बातुर ज्वालामुखीच्या परिसरातल्या या डोंगराळ भागात कॉफीच्या ओळींमध्ये संत्र्याच्या जातीची झाडं लावतात. इथल्या कॉफीला 2008 साली भौगोलिक मानांकन मिळालं, इंडोनेशियातलं पहिलंच. तोडणीच्या दिवसांत पिकलेलं फळ करवंदाएवढं आणि लालभडक असतं. दोन बोटांत दाबलं की साल सुटते, आतून बुळबुळीत गोडसर गर येतो आणि त्यात सपाट पोटं एकमेकींना टेकवून बसलेल्या दोन बिया. फळ चाखलं तर कॉफीची चव कुठेच लागत नाही. ती येते पुढे, गर धुऊन, बिया वाळवून, वरचा टणक पापुद्रा काढून भट्टीत भाजल्यावर.

चव घेण्याची रीतही ठरलेली आहे. जाडसर दळलेल्या पुडीवर उकळीच्या जरा खालचं पाणी ओतायचं आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. पूड फुगून वर साय धरते. चमच्यानं ती मोडताना नाक पेल्याजवळ न्यायचं, कारण सगळ्यात जास्त वास त्याच क्षणी सुटतो. मग चमचाभर कॉफीचा जोरदार भुरका. घरी ज्यासाठी मुलं बोलणी खातात तो भुरका इथे आवश्यक असतो. त्यानं कॉफी तुषारांसारखी टाळूपर्यंत पोचते आणि किंतामणीच्या कॉफीतला लिंबूवर्गी आंबटपणा कळतो.

बालीत 'लुवाक' कॉफीचाही आग्रह होतो. लुवाक म्हणजे आपलं उदमांजर, बोरिवली-मुलुंडच्या झाडांवरून नि छपरांवरून रात्री फिरणारं. त्यानं खाल्लेल्या फळांच्या, विष्ठेतून बाहेर पडलेल्या बियांची ही महागडी कॉफी. रानात मोकळेपणी हिंडून निवडक पिकलेली फळं खाणारा हा प्राणी पर्यटकांसाठी पिंजऱ्यात कोंडला जातो. ती कॉफी न पिणं हेच बरं.

मॉरिशसमध्ये शामारेलची कॉफी प्यायला मराठी माणसानं जावंच. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर गेलेल्या मजुरांचे मराठी वंशज आजही त्या बेटावर आहेत आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. शामारेल फार उंचावर नाही, पण तिथला पाऊस वर्षभर विखरून पडतो. साष्टीत तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने माती कोरडी.

या बेटांच्या कॉफीत आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेनं चालत आलेली कथा. पुढचा भाग मात्र नोंदींतला. 1696 मध्ये डचांनी मलबारहून रोपं जावाला नेली. ती पुरात गेली, म्हणून 1699 मध्ये पुन्हा नेली. त्या लागवडीतलं एक रोप 1706 मध्ये ॲमस्टरडॅमला पोचलं, त्याच्या वंशातलं एक 1714 मध्ये फ्रान्सच्या राजाला भेट गेलं, आणि तिथून कॉफी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर गेली. मलबारच्या रोपाचं गोत असं अर्ध्या जगात पसरलं.

विमानाचं तिकीट परवडत नसेल, तर ठाणे किंवा कल्याणहून अमरावतीची रात्रीची गाडी धरावी. अमरावतीहून परतवाड्यामार्गे घाट चढला की सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे 1,100 मीटरवर चिखलदरा आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच. इंग्रजी अमदानीत ती इथे रुजली. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी पिकवणाऱ्या कर्नाटकापुढे इथलं पीक नगण्य, पण मातीचं नातं थेट किंतामणीशी लागतं. तिथे ज्वालामुखीची राख, इथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बेसाल्ट, जो साष्टीच्या डोंगरांतही आहे. किंतामणीत संत्रं कॉफीच्या ओळीत उभं असतं. इथे ते घाटाखाली अचलपूर, मोर्शी, वरुडच्या बागांत पिकतं.

आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. म्हणजे दिवाळीचा फराळ संपता संपता चिखलदऱ्याच्या झाडांवरची फळं हिरव्याची लाल व्हायला लागलेली असतात. त्या दिवसांत डोंगरावर सकाळी स्वेटर लागतो. खाली परतवाड्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री आलेली असतात. येताना एक पिशवी संत्र्यांची आणि एक पुडी कॉफीची घेऊन यावी.