सॉफ्टबॉल : अडथळा व अपील

सॉफ्टबॉल या मैदानी खेळातील पंचनिर्णयाच्या दोन महत्त्वाच्या तरतुदी. चेंडू हातात नसताना व फटकावलेला चेंडू अडविण्याच्या प्रयत्नातही नसताना क्षेत्ररक्षकाने धावकाच्या वाटेत येणे, यास ‘अडथळा’ म्हणतात. नियमभंग झाला असूनही क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने मागणी केल्याखेरीज ज्यावर पंचास निर्णय देता येत नाही, अशा प्रसंगी करावयाच्या मागणीस ‘अपील’ म्हणतात. पहिल्या बाबतीत पंच कोणी न विचारता हस्तक्षेप करतो. दुसऱ्या बाबतीत चूक डोळ्यांदेखत घडली, तरी तो मौन पाळतो. या दोन भूमिकांमधील फरक ध्यानात न घेतल्यानेच मैदानावरील बरेच वाद उद्‌भवतात.

हा खेळ १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे जॉर्ज हॅनकॉक यांनी बेसबॉलचा बंदिस्त जागेतील प्रकार म्हणून सुरू केला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्यास १९२६ मध्ये मिळाले. भारतीय सॉफ्टबॉल संघटनेची स्थापना १९६१ मध्ये जोधपूर येथे झाली. महाराष्ट्रात शालेय व विद्यापीठीय स्पर्धांमधून मुलामुलींचे संघ हा खेळ खेळतात. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असून सामना सात डावांचा असतो. दोन बेसमधील अंतर ६० फूट (१८·२९ मी.) असते. फलंदाजाने चेंडू फटकावल्यावर तो धावक बनतो आणि पहिला, दुसरा व तिसरा बेस क्रमाने शिवून होम प्लेटला पोहोचला, म्हणजे एक धाव होते. धावसंख्या बहुधा कमी असल्याने एका निर्णयावर सामन्याचा निकाल फिरू शकतो.

अडथळा : अडथळा ठरण्यासाठी धावक व क्षेत्ररक्षक यांची टक्कर व्हावी लागत नाही, किंवा क्षेत्ररक्षकाचा हेतूही पाहिला जात नाही. धावकाला वेग कमी करावा लागला किंवा वळसा घ्यावा लागला, तरी पुरेसे असते. चेंडू जवळ नसताना धावकाला बाद करण्यासाठी स्पर्श केल्याची बतावणी करणे हाही अडथळाच होय. चेंडू हाती येण्याच्या बेतात असलेल्या क्षेत्ररक्षकास पूर्वी सूट असे. ती पुढे काढून टाकण्यात आली. फटकावलेला चेंडू अडविणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा मात्र जागेवर अग्रहक्क असतो. त्याला धावकाने आडकाठी केल्यास तो ‘व्यत्यय’ ठरतो व त्याची शिक्षा फलंदाजी करणाऱ्या संघास भोगावी लागते.

अडथळा दिसताच पंच डावा हात मूठ मिटून आडवा पसरतो. पण खेळ थांबवीत नाही. खेळ तत्काळ थांबविला, तर पुढे धावणाऱ्या इतर धावकांची प्रगती खुंटेल आणि चूक करणाऱ्या संघाचाच लाभ होईल, हे यामागील कारण होय. अडथळा झाला नसता तर धावक कोणत्या बेसपर्यंत पोहोचला असता, याचा अदमास पंच घेतो व तो बेस त्याला देववितो. उदा., पहिल्या बेसवर नुसत्या उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकामुळे फलंदाज अडखळला आणि दुसऱ्या बेसपूर्वी स्पर्शबाद झाला. तर पंच चेंडू मृत घोषित करून त्याला, अदमासानुसार, दुसरा बेस देतो. हाच धावक दुसरा बेस गाठून स्वतःच्या जबाबदारीवर तिसऱ्याकडे धावला व तेथे बाद झाला, तर तो बादच राहतो. अडथळ्याचे संरक्षण हानी भरून काढण्यापुरतेच असते.

कॅचरने फलंदाजाच्या फटक्यास अडथळा केल्यास फलंदाजाला पहिला बेस मिळतो. तथापि चेंडू फटकावला जाऊन फलंदाज व इतर सर्व धावक किमान एकेक बेस सुखरूप पुढे सरकले असतील, तर अडथळा रद्द समजतात. तसे घडले नसेल, तर भरपाई घ्यावी की झालेल्या खेळाचा परिणाम स्वीकारावा, हे फलंदाजी करणाऱ्या संघाचा व्यवस्थापक ठरवितो.

अपील : बेस न शिवता पुढे जाणे, उंच उडालेल्या चेंडूस क्षेत्ररक्षकाचा प्रथम स्पर्श होण्यापूर्वी बेस सोडणे आणि फलंदाजीचा क्रम मोडणे, ही अपिलाची प्रमुख कारणे होत. खेळ चालू असताना चेंडू हाती घेऊन संबंधित बेसला वा धावकाला स्पर्श करून अपील करतात. चेंडू मृत झाल्यावर अंतर्क्षेत्रातील कोणताही खेळाडू, पिचर व कॅचर धरून, तोंडी अपील करू शकतो. त्या वेळी चेंडू त्याच्या हाती असणे आवश्यक नसते. मात्र पुढचा चेंडू टाकण्यापूर्वी मागणी व्हावी लागते. तसे न केल्यास हक्क संपतो.

समजा, एक फलंदाज बाद असून दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर धावक आहेत. उंच फटका झेलला गेला. तिसऱ्या बेसवरील धावकाने झेलानंतर निघून होम प्लेट गाठली, पण दुसऱ्या बेसवरील धावक झेलापूर्वीच निघाला होता. अपील झाल्यास तो तिसरा बाद ठरतो व डाव संपतो. तरीही त्याआधी होम प्लेट गाठलेल्या धावकाची धाव मोजली जाते. लवकर निघालेल्या धावकाला बाद करणे हे सक्तीने पुढे जावे लागणाऱ्या धावकाला बाद करण्यासारखे नसल्याने ती धाव पुसली जात नाही. अपीलच झाले नाही, तर पंचाने सर्व पाहिले असूनही दुसरा धावक सुरक्षित राहतो.

महाराष्ट्रीय वाचकास हा भेद परिचित खेळांवरून समजू शकेल. कबड्डी व खोखो यांमध्ये पंच स्वतःहून निर्णय देतात. क्रिकेटमध्ये मागणीवाचून पंच फलंदाजास बाद देत नाही. सॉफ्टबॉलमध्ये या दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. धावकाला स्वतःवरील अन्याय टाळता येत नाही, म्हणून अडथळ्याची दखल पंच स्वतः घेतो. प्रतिस्पर्ध्याची चूक हेरणे हा क्षेत्ररक्षणाच्या कौशल्याचाच भाग असल्याने तेथे तो मदत करीत नाही. नजरेने, हाताने वा शब्दाने चुकीची सूचना देणारा पंच एका संघाचा दहावा खेळाडू ठरतो.

दोन्ही तरतुदी एकाच वेळी लागू होऊ शकतात. अडथळ्याची भरपाई मिळालेल्या धावकानेही सर्व बेस क्रमाने शिवणे आवश्यक असते. झेलापूर्वी बेस सोडलेला धावक नंतर अडथळ्यात सापडला, तरी अपिलानंतर तो बाद होऊ शकतो. पंचाच्या अदमासावर निषेध नोंदविता येत नाही. नियमाचा अर्थ चुकीचा लावला असल्यास मात्र तो नोंदविता येतो. चित्रफितीची सोय नसलेल्या शालेय मैदानावर धावकाचे पाऊल, क्षेत्ररक्षकाची जागा व चेंडू या तिन्हींकडे एकाच वेळी असलेले पंचाचे लक्ष हाच निर्णयाचा एकमेव आधार असतो.